फोर्ट कोचीतलं शिबिर, तिसरा दिवस: एका प्रकरणाचा अभ्यास

आमच्या योग-ध्यान शिबिराच्या नोंदणी अर्जात तब्येतीबद्दल एकच प्रश्न होता: "आपल्याला काही आजार आहे का?" त्यापुढे माझ्या वर्गातल्या एका मावशींनी निळ्या शाईने लिहिलं होतं, "नाही, देवाच्या कृपेने." तो अर्ज मी अजून जपून ठेवला आहे. मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. नऊ वर्षं रोज सकाळच्या चहाबरोबर त्या बीपीची गोळी घेत होत्या आणि बीपी आटोक्यात होतं. त्यांच्या लेखी आजार म्हणजे अंथरूण धरणं. गोळी म्हणजे चष्म्यासारखी, लावायची आणि कामाला लागायचं. प्रश्न मी चुकीचा विचारला होता आणि उत्तर बरोबर आलं होतं.

पुढे जे घडलं ते मावशींच्या परवानगीने लिहिते आहे, फक्त नाव देत नाही. गट घेऊन बाहेरगावी शिबिरं करणाऱ्या माझ्यासारख्या शिक्षकांना आणि अशा शिबिरांना जाणाऱ्यांना याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

गाव, घर आणि माणसं

मी पुण्यात एकवीस वर्षं योग शिकवते. वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना घेऊन सात दिवस कुठेतरी जायचं, रोज दोन वेळा आसनं, दोन वेळा ध्यान, मधल्या वेळात गाव पायी हिंडायचं, असा आमचा परिपाठ आहे. मार्च २०२३ साठी मी फोर्ट कोची निवडलं. गाव पायी फिरण्याजोगं आहे. सेंट फ्रान्सिस चर्च, समुद्रकाठची मासे धरायची चिनी जाळी, मट्टनचेरीचा राजवाडा, परदेशी ज्यूंचं १५६८ चं सिनेगॉग हे सगळं चालत किंवा रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात येतं. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला बांधला, १६६३ मध्ये डच आले, १७९५ मध्ये इंग्रज. प्रत्येकाने आपापली घरं, आपापली प्रार्थनेची जागा ठेवली आणि ती अजून वापरात आहेत.

दुसरं कारण जास्त जवळचं होतं. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून निघालेली कोकणी कुटुंबं इथे येऊन वसली. मट्टनचेरीजवळच्या चेरलाईत त्यांचं तिरुमल देवस्वम हे देऊळ आहे आणि त्या गल्ल्यांत आजही कानावर कोकणी पडते. डच गव्हर्नर वॅन ऱ्हीड याने मलबारच्या वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. १६७८ पासून तो ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांचं प्रमाणपत्र नागरी लिपीत आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपात छापलेल्या पुस्तकात आपल्याला वाचता येणारी अक्षरं! हे सांगितल्यावर मावशींनी त्याच दिवशी नाव नोंदवलं. त्यांचं माहेर सावंतवाडीकडचं, कुलदैवत गोव्यात. रामनवमीला चेरलाईच्या देवळात जायचं, हे त्यांनी घरून निघतानाच ठरवलं होतं. त्या ६१ वर्षांच्या, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, माझ्या वर्गात सहा वर्षं नियमित येणाऱ्या. सूर्यनमस्कार तरुण मुलींच्या बरोबरीने घालणाऱ्या.

शिबिर २६ मार्च ते १ एप्रिल. पाडवा २२ तारखेला होऊन गेला होता. मोसम उतरणीला लागल्यामुळे घराचं भाडं जानेवारीपेक्षा पुष्कळ कमी पडत होतं. तारीख ठरवताना मी एवढंच पाहिलं. मध्येच २ मार्चला ब्रह्मपुरमच्या कचरा डेपोला आग लागली. ती विझायला बारा-एक दिवस लागले आणि कोचीभर धूर होता. "धुरात प्राणायाम कसला करायचा?" असं विचारत दोघांनी पैसे परत मागितले आणि मी दिले. निघायच्या आधी दहा दिवस मी रोज कोचीच्या हवेचे आकडे बघत होते. धूर किती, एवढंच बघत होते. दमटपणाचा आकडा त्याच पानावर, त्याच ओळीत होता.

गट चौदा जणांचा. नऊ जण पुणे-नाशिककडचे, पाच जण मुंबई-ठाणे-डोंबिवलीचे. ही विभागणी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

घर जुनं, डच धाटणीचं. वरच्या मजल्यावर एक लांब दालन, सागवानी फळ्यांची जमीन, तिन्ही बाजूंना माणसाच्या उंचीच्या खिडक्या. पाहिल्याबरोबर मला वाटलं, ध्यानाला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. आणि पहिल्याच संध्याकाळी मी त्या खिडक्या बंद करून घेतल्या. खाली रिक्षा, समोर कावळे, पलीकडच्या मशिदीतून अजान, चर्चची घंटा. शिवाय डास. छताचे पंखे जुने, वेगात फिरले की कुरकुरायचे, म्हणून ते एकवर ठेवले. माझ्या डोक्यात हठप्रदीपिका या जुन्या योगग्रंथातलं योगमठाचं, म्हणजे साधना करायच्या कुटीचं, वर्णन होतं: लहान दार, भिंतीला भोकं नाहीत, जागा शेणाने सारवलेली, स्वच्छ. ते वर्णन मी वर्गात कित्येकदा सांगितलं आहे. सारवलेली जमीन आणि जाड मातीच्या भिंती कोरड्या मुलखात गारवा धरून ठेवतात. कोचीच्या माडीवर खिडक्या लावून घेतल्या की काय होतं, हा विचार मी केलाच नाही.

दिनक्रम

तो पुण्याहून जसाच्या तसा उचलून आणला होता. पहाटे ५ ला उठणं. साडेपाचला प्राणायाम, त्यात कपालभातीची तीन आवर्तनं. सव्वासहा ते साडेसात आसनं, सुरुवातीला बारा सूर्यनमस्कार. पावणेआठ ते साडेआठ ध्यान. मग उभं राहून प्रार्थना आणि नाश्ता. म्हणजे उठल्यापासून साडेतीन तास पोटात पाण्याशिवाय काही नाही. डिसेंबरात पुण्याला हाच क्रम अंगात चैतन्य आणतो. पहाटे बारा-तेरा अंश, कोरडी हवा, घाम येतो तो सातव्या-आठव्या नमस्काराला.

"कोचीत ३३ च्या वर पारा जात नाही म्हणे, आपल्याकडे एप्रिलमध्ये ३९ असतो," असं नाशिकचे एक काका गाडीत म्हणाले होते आणि मीही मान डोलावली होती. त्या वाक्यात काय चुकलं ते नीट सांगायला हवं. घाम आला म्हणून शरीर थंड होत नाही, घाम वाळला की थंड होतं. पुण्याच्या उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की घाम कातडीवर दिसायच्या आत उडतो. मार्चअखेर कोचीत पहाटे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि रात्री पारा २५-२६ च्या खाली उतरतच नाही. घाम येतो, ओघळतो, फळीवर टपटपतो आणि वाळत नाही. शरीर आणखी घाम काढतं, त्याबरोबर मीठही जातं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या उष्णता बाहेर टाकायला सैल पडतात, त्यामुळे रक्तदाब आधीच थोडा उतरलेला असतो. अशा हवेची सवय व्हायला शरीराला दहा-चौदा दिवस लागतात. आमचं शिबिर सात दिवसांचं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्यांना सांगितलं, "पाणी भरपूर प्या, तीन-तीन लिटर प्या." सगळ्यांनी ऐकलं. मावशींनी सर्वांत जास्त ऐकलं.

त्याच दिवशी दुपारी आम्ही सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये गेलो होतो. १५२४ मध्ये कोचीत वारलेल्या वास्को द गामाला आधी तिथेच पुरलं होतं, पुढे अवशेष पोर्तुगालला नेले. सगळे ती जागा बघत होते. मी वर बघत होते. आडव्या दांड्यांना लांबलचक कापडी झालरी टांगलेल्या होत्या, त्यांना दोऱ्या होत्या. हे पंखे. बाहेर उभं राहून माणूस दोरी ओढायचा आणि आतली हवा हलायची. थंड देशातून आलेल्या माणसांनी इथे देवासमोर तासभर बसायचं तर सगळ्यांत आधी हवा हलवायची सोय केली. मी त्या दोऱ्यांचे फोटो काढले आणि संध्याकाळी पुन्हा दालनाच्या खिडक्या लावून घेतल्या.

मंगळवार, २८ मार्च

सकाळचं ध्यान संपलं तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. तीन वेळा ओंकार झाला, "हळूहळू डोळे उघडा" म्हणून झालं आणि मी प्रार्थनेला उभं राहायला सांगितलं. मावशी पंचेचाळीस मिनिटं अर्धपद्मासनात जराही न हलता बसल्या होत्या. त्या दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी. त्या उठल्या, हात जोडले. मी त्यांच्याकडेच बघत होते म्हणून पुढचं मला स्पष्ट आठवतं. ओठांचा रंग गेला, कपाळावर घामाचे थेंब एकदम मोठे झाले, नजर माझ्यावरून सरकून कुठेतरी मागे गेली आणि गुडघे वाकले. पडताना उजवा खांदा खिडकीच्या लाकडी कठड्यावर आपटला. डोकं वाचलं.

आता जे लिहायचं आहे त्याची मला आजही लाज वाटते. पहिला आवाज आला तो, "हात लावू नका! शक्ती वर चढली आहे, तिला वाट द्या." बोलणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. आणखी एकाने हात जोडले. दोन दिवस मावशी ध्यानात ज्या स्थिर बसत होत्या त्याचं सगळ्यांना कौतुक होतंच. आदल्या रात्री त्या म्हणाल्याही होत्या, "ताई, आज बसल्यावर अंग एकदम हलकं झालं, कानात नाद आला." मीच त्यावर म्हणाले होते, "छान आहे, त्याच्यामागे लागू नका, येऊ द्या जाऊ द्या." शिक्षकाचं ठरावीक उत्तर. अंग हलकं होणं, कानात गुणगुणणं, डोळ्यांपुढे उजेड किंवा अंधारी ही रक्तदाब उतरत असल्याची खूण असू शकते, हे मला माहीत होतं. पण ध्यानाच्या दालनात ते शब्द ऐकले की मन दुसऱ्याच कप्प्यात जातं. मी निदान वीस-पंचवीस सेकंद नुसती उभी राहिले.

हलल्या त्या आमच्या सिस्टर. मुंबईच्या एका सरकारी रुग्णालयात त्यांनी तीस वर्षं परिचारिका म्हणून काढली आहेत आणि त्या गटात शिकायला आल्या होत्या. "बाजूला व्हा. ताई, तो लोड द्या इकडे. खिडकी उघडा. पंखा पाचवर." मावशींना आडवं केलं, पाय दोन लोडांवर, गळ्याशी कपडा सैल. कोणीतरी तोंडात साखरपाणी घालायला धावलं, तर सिस्टरनी हात धरला: "शुद्धीवर येऊ दे आधी, ठसका लागेल." पाऊण मिनिटात मावशींनी डोळे उघडले. "प्रार्थना झाली का?" हे त्यांचं पहिलं वाक्य. सिस्टरच्या पिशवीतल्या यंत्राने आडव्या स्थितीत दाब दाखवला ९४ वर ५६, नाडी ११२.

आणि मग सिस्टरनी विचारलं, "काल रात्री काय जेवलात?"

मावशी माझ्याकडे बघून खाली बघायला लागल्या. त्यांचं रामाचं नवरात्र चालू होतं. पाडव्यापासून रामनवमीपर्यंत नऊ दिवस, दिवसभर फळं आणि दूध, रात्री एकदा अळणी फराळ. व्रत चारचौघांत सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नाही. जेवणाच्या टेबलावर त्या सगळ्यांबरोबर बसत होत्या, ताटात फळं घेत होत्या. "केरळात आलोय तर फळं खातेय हो!" असं हसून सांगत होत्या. सातवा दिवस होता उपासाचा.

काय निघालं

आधी जवळच्या दवाखान्यात आणि तिथून पूल ओलांडून एर्नाकुलमच्या एका रुग्णालयात नेलं. ईसीजी स्वच्छ, साखर थोडी कमी, खांद्याला फक्त मुका मार. रक्तातलं सोडियम १२९. ते निदान १३५ हवं. डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट मागितलं. मावशींच्या पर्समध्ये होतं. पाकीट उलटं करून ते म्हणाले, यात दोन औषधं एकत्र आहेत, एक रक्तवाहिन्या सैल करणारं आणि दुसरं लघवी वाढवून शरीरातलं मीठ-पाणी कमी करणारं. मावशींना नऊ वर्षांत हे माहीत नव्हतं. मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

तर जुळणी अशी होती. सहा-सात दिवसांचा अळणी उपास. मीठ बाहेर टाकणारी गोळी. ती रोज पहाटे वर्गाआधी, रिकाम्या पोटी. वाळतच नाही असा घाम आणि त्यातून जाणारं मीठ. त्याची भरपाई म्हणून माझ्या सांगण्यावरून तीन लिटर नुसतं पाणी, म्हणजे उरलेलं मीठही पातळ. बंद खिडक्या. मग पंचेचाळीस मिनिटं पाय दुमडून निश्चल बसणं. त्यात पोटऱ्यांचे स्नायू काम करत नाहीत आणि रक्त खाली साचतं. आणि शेवटी, "उभे राहा." यातली कुठलीही एक गोष्ट वजा केली असती तर मावशी कदाचित पडल्या नसत्या. सगळ्या एका सकाळी एकत्र आल्या आणि त्यांतल्या बहुतेक मी आणल्या होत्या.

उपासाला मी दोष देत नाही. मावशी हे व्रत तीस वर्षं करत आल्या आहेत, घरी, पुण्याच्या हवेत, दुपारी तासभर पडून. व्रताला त्याचा दिनक्रम असतो, योगाला त्याचा. दोन्ही एकमेकांवर चढवले ते मी, न विचारता.

रुग्णालयात एक रात्र ठेवलं. सलाईन लागलं, ती गोळी थांबवली, घरी गेल्यावर आपल्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. बुधवारी दुपारी मावशी परत आल्या.

मधली संध्याकाळ

मंगळवारी संध्याकाळी गटात कुजबुज होती. ज्यांनी "शक्ती" म्हटलं होतं त्यांना वाईट वाटत होतं आणि थोडा रागही होता, की इतका मोठा अनुभव आपण बीपीच्या यंत्रात बसवून टाकला. मी ध्यान घेतलं नाही, सगळ्यांना गोल बसवून बोलले. म्हणाले, ध्यानात कोणाला काय अनुभव येतात यावर मी काही बोलणार नाही, माझा तो अधिकारही नाही. पण जो माणूस जमिनीवर पडला आहे त्याला आधी हवा, आडवं अंग आणि वर पाय मिळाले पाहिजेत. अनुभव खरा असेल तर पाय वर केल्याने तो कमी होणार नाही. त्या विद्यार्थिनीने बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाली, "ताई, तुम्हीही थांबला होता." हो, थांबले होते.

बुधवारी पहाटे सिस्टरनी सगळ्यांचा दाब घेतला, आधी आडवं असताना, मग उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीसने उतरला तर सांभाळायचं, हा त्यांचा ठोकताळा. डॉक्टरही तेच माप वापरतात. आणखी दोघांचा उतरला. दोघेही पुणेकर, त्यातल्या एकाला कसलीच गोळी नव्हती. मुंबई-डोंबिवलीच्या पाचांपैकी कोणाचाच नाही. चौदा माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण जन्मभर दमट हवेत लोकलला लोंबकळलेली माणसं तिथे आमच्यापेक्षा मोकळी वावरत होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

कंजी

घरात स्वयंपाकाला एक चेची होत्या. चेची म्हणजे थोरली बहीण. मावशी पडल्याचं कळल्यावर त्यांनी काही विचारलं नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला एक मोठं पातेलं वर पाठवलं. लालसर मट्टा तांदळाची पातळ कंजी, मीठ घालून, बाजूला मुगाची उसळ आणि लोणचं. त्यांना मराठी येत नाही, मला मल्याळम येत नाही. त्यांनी गळ्यावरून हात फिरवून घाम दाखवला, मग पातेल्याकडे बोट केलं. सगळं सांगून झालं.

मावशी परत आल्यावर चेचींनी वाटी त्यांच्या हातात दिली. मावशींनी चमच्याने ढवळलं, वास घेतला आणि एकदम म्हणाल्या, "अगो, ही तर पेज!" उकड्या तांदळाची पेज, सावंतवाडीला आजीच्या हातची, वर लोणच्याची फोड. त्या उपासाचं काय करायचं ते बोलल्या नाहीत. पाच मिनिटं वाटी मांडीवर धरून बसल्या, मग डोळे मिटून रामाचं नाव घेतलं आणि प्यायला लागल्या. गुरुवारी रामनवमी होती. चेरलाईच्या देवळात त्यांना मी रिक्षाने नेलं. चढत्या उन्हाआधी जाऊन आलो. तिथल्या एका आजींशी त्या कोकणीत बोलत बसल्या, अर्धं कळलं, अर्धं हसण्यावर भागलं.

त्या दिवसांत रमजानही चालू होता. संध्याकाळी मट्टनचेरीतून चालताना मशिदीच्या अंगणात मोठमोठी भांडी दिसायची. आमच्यातल्या एकाने विचारलं, तर कळलं की रोजा सोडायला कंजीच असते, जिरं-मसाला घातलेली. ज्या गावात उपास धरणारी इतकी माणसं आहेत तिथे उपासानंतर पोटात काय जायला हवं, हे त्या गावाला केव्हाच माहीत होतं.

बदललं ते

बुधवारपासून पहाटे आधी कंजी किंवा संभारम, म्हणजे आलं, कढीपत्ता, मिरची आणि मीठ घातलेलं पातळ ताक. मग अर्ध्या-पाऊण तासाने वर्ग. कपालभाती आणि भस्त्रिका बंद. बारा नमस्कारांऐवजी चार, सावकाश. बाकी वेळ लोड आणि पट्टे घेऊन सुप्त बद्धकोणासन, सेतुबंध, विपरीत करणी. मावशींना फक्त शवासन आणि साधा श्वास. जीभ वळवून तोंडाने श्वास घ्यायच्या शीतली प्राणायामावर आधी माझा मोठा भरवसा होता. पण जिभेवरचा ओलावा उडाला तर गारवा. तिथल्या हवेत तो फारसा उडत नाही. मन शांत व्हायला ती चांगली, अंग थंड करायला तिच्यावर विसंबू नये.

घेरंडसंहिता या जुन्या योगग्रंथात योगाला आरंभ वसंतात किंवा शरदात करावा, इतर ऋतूंत केला तर रोग होतो, असं सांगितलं आहे. पंचांगाने आम्ही वसंतातच होतो, चैत्र चालू होता. पण दहाव्या अक्षांशावरच्या समुद्रकाठी चैत्र म्हणजे भर उन्हाळा. ऋतू पंचांगात बघून चालत नाही, कातडीवर बघावा लागतो.

सगळ्यांत मोठा बदल खिडक्यांचा. तिन्ही बाजू उघड्या, पंखे पाचवर, कुरकुरले तर कुरकुरू देत. ध्यान पंचेचाळीसवरून वीस मिनिटांवर. मध्ये पाय सोडून पोटऱ्या दाबायच्या, पावलं पुढे-मागे करायची. उठताना आधी कुशीवर, मग बसून दहा श्वास, मग भिंतीला हात लावून उभं. डासांसाठी पायांना तेल. ते काही फार लागू पडलं नाही.

आणि आवाज आत आले. पहिल्या दिवशी सगळे वैतागले. मग मी गुरुवारी संध्याकाळचं ध्यान दालनात न घेता सगळ्यांना समुद्रावर, चिनी जाळ्यांपाशी नेलं. चीनवला म्हणतात तिथे. चार-पाच माणसं मिळून एक जाळं चालवतात. जाळ्याच्या मागच्या तुळईवर दोरांना ओळीने धोंडे टांगलेले असतात. एक माणूस तुळईवरून पाण्याकडे चालत जातो, त्याच्या वजनाने जाळं खाली जातं, धोंडे एकामागून एक वर उचलले जातात. जाळं थोडा वेळ पाण्यात राहतं. मग सगळे मिळून दोर ओढतात, धोंडे पुन्हा खाली बसतात, ठक, ठक, ठक, आणि जाळं पाणी गाळत वर येतं. कधी मूठभर मासे, कधी नुसतं शेवाळ. लगेच पुन्हा खाली. आम्ही वाळूच्या कडेला कट्ट्यावर बसलो, डोळे उघडेच ठेवले. जाळं खाली जाताना श्वास सोडायचा, एवढंच सांगितलं. अर्ध्या तासाने अजान झाली, मावळतीचा उजेड गेला, कोणी हललं नाही. इतक्या वर्षांत माझ्या वर्गातलं इतकं शांत ध्यान मला दुसरं आठवत नाही.

दुसऱ्या खेपेला

जानेवारी २०२५ मध्ये आम्ही पुन्हा गेलो, ५ ते ११ तारखेला. आता हायकोर्ट जेट्टीवरून फोर्ट कोचीला वॉटर मेट्रो जाते, सामानासकट चढायला सोपी. जानेवारीत हवा थोडी हलकी असते, पहाटे अंगाला चिकटत नाही. पहिले तीन दिवस आम्ही आसनं निम्म्यावर ठेवली आणि चौथ्या दिवसापासून हळूहळू वाढवली. खिडक्या उघड्याच होत्या. चेचींना आधीच फोन करून पहाटेच्या कंजीचं सांगितलं होतं. कोणी पडलं नाही. एका माणसाला दुसऱ्या दिवशी गरगरलं, त्याने लगेच सांगितलं आणि आडवा झाला.

अर्ज मात्र मी पूर्ण बदलला आहे. "आजार आहे का" हा प्रश्न काढून टाकला. त्याजागी तीन प्रश्न: रोज कोणत्या गोळ्या घेता, पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. शिबिराच्या तारखांत कोणतं व्रत, उपास किंवा रोजा आहे का, आणि त्यात मीठ चालतं का? गेल्या वर्षभरात उठताना कधी डोळ्यांपुढे अंधारी आली आहे का? गोळ्यांचे फोटो सिस्टर बघतात. शंका आली तर ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारायला सांगतात, स्वतः काही बदलायला सांगत नाहीत.

डिसेंबरात पहिला भरलेला अर्ज आला तो मावशींचा. पाकिटाचे दोन फोटो, नवी गोळी, एकच औषध असलेली. खाली लिहिलं होतं: "१० तारखेला पौषातली एकादशी आहे. आदल्या दिवशी सांगीनच. दुपारी खिचडी खाईन, मीठ घालून."